उपरी, मिरासदार आणि परागंदा

'उपरेपणा' ही संज्ञा मराठी समीक्षेने १९६०नंतरच्या काळात इतक्या सढळपणे वापरली आहे की तिच्यातून नेमके कोणाचे कोणते दुःख सूचित होते, हे सांगणे आता कठीण झाले आहे. महानगरातील एकाकी कारकून उपरा, खेड्यातून विद्यापीठात आलेला विद्यार्थी उपरा, गाढवावर बिऱ्हाड लादून फिरणारा कैकाडी उपरा आणि अमेरिकेत स्थायिक झालेला अभियंताही उपराच. अस्तित्ववादाच्या प्रभावाखाली आपण मानवी अस्तित्वाच्याच मुळाशी एक परात्मता कल्पिली आणि ह्या सर्वांना तिच्या पोटात सामावून घेतले. पुढे 'डायस्पोरा' ही संज्ञा आली. तिने अस्तित्वाऐवजी इतिहासाचे नाव घेतले. पण सर्वांना एका पंक्तीला बसवण्याची सवय मात्र मोडली नाही.

प्रस्तुत निबंधात मला एका मर्यादित प्रश्नाचा विचार करायचा आहे. परमुलखात जाऊन तेथे रुजू पाहणाऱ्या कुटुंबाची कथा आपण सहानुभूतीने वाचतो. नवी भाषा, नवे अन्न, शाळेत मुलांची होणारी चेष्टा, म्हाताऱ्यांचे मुकेपण हे सारे आपल्याला हेलावून जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु ते कुटुंब ज्या घरात रुजते ते घर आधी कोणाचे होते, हा प्रश्न ह्या सहानुभूतीत कोठे बसतो? नवागताची निवाऱ्याची गरज खरी असते. त्या गरजेमुळे त्याचे घर निर्दोष ठरते का?

पदव्युत्तर वर्गात घस्सान कनाफानीची 'हैफाला परतताना' (१९६९) ही लघुकादंबरी शिकवताना हा प्रश्न माझ्यापुढे प्रथम उभा राहिला नाही. तो त्याआधीच, नारायण पेठेतील एका वाड्याच्या सोप्यावर उभा राहिला होता आणि तोही मराठीत. त्याकडे मी येईनच. पण त्यापूर्वी ज्या शब्दांनी आपण हा विचार करणार आहोत त्या शब्दांकडे पाहणे आवश्यक आहे.

'उपरी' हा शब्द मुळात मनोवस्थेचा नाही, जमीनधारणेचा आहे. मराठेशाहीतील गावगाड्यात जमीन कसणारे ढोबळमानाने दोन प्रकारचे होते. ज्यांचा जमिनीवर वंशपरंपरागत हक्क, गावच्या देवकार्यात मान आणि गावच्या सभेत आवाज, ते मिरासदार. ज्यांना असा हक्क नाही, जे बाहेरून आले आणि कौलाने किंवा करारावर जमीन कसू लागले, ते उपरी. मोल्सवर्थच्या कोशातही हे दोन शब्द परस्परांच्या विरोधाने समजावून दिलेले आहेत. म्हणजे ज्या अर्थाने आपण आज 'उपरा' म्हणतो तो अर्थ ह्या व्यावहारिक अर्थावर नंतर चढलेला आहे. हे लक्षात घेतले म्हणजे लक्ष्मण माने यांनी आपल्या आत्मकथनाला 'उपरा' (१९८०) हे नाव देताना केवढ्या अचूकपणे शब्द निवडला हेही कळते. ज्यांची मिरास कोणत्याच गावात नाही, त्यांचे उपरेपण जाणिवेचे नसते, ते सातबाऱ्याचे असते. ह्या नावाखाली आपण नंतर जे शहरी हुरहूर लावणारे लेखन ढकलले, त्याने ह्या शब्दाची धार बोथट केली, असे माझे मत आहे.

ह्या जोडीला एक तिसरा शब्द आहे, आणि समीक्षेने त्याची जवळजवळ दखलच घेतलेली नाही. तो म्हणजे 'परागंदा'. फारसीतून आलेल्या ह्या शब्दाचा मूळ अर्थ विखुरलेला असा आहे. दुष्काळ पडला, परचक्र आले, सारावसुलीचा जाच असह्य झाला, की मिरासदारही गाव सोडून जात. अशांना परागंदा झाले असे म्हणत, आणि कूळच नाहीसे झाले तर त्या जमिनीला 'गतकूळ' म्हणत. गाव ती जमीन पाड ठेवीत नसे. उपऱ्याला बोलावून ती लावली जाई. क्वचित त्याला मिरासपत्र करून दिले जाई. परंतु परागंदा मिरासदार किंवा त्याचा वंशज दीर्घकाळाने परतला तर त्याचा हक्क केवळ गैरहजेरीमुळे बुडाला असे सामान्यतः मानले जात नसे. तो येऊन गोतापुढे उभा राही, जुनी माणसे साक्ष देत, बांध-शेव दाखवली जाई, महजर होई. निकाल नेहमी त्याच्याच बाजूने लागे असे नाही. पण त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागे.

ही व्यवस्था आदर्श होती असे मला मुळीच सुचवायचे नाही. ज्या गोतापुढे मिरासदार उभा राही त्या गोतात कोण बसू शके आणि कोण वेशीबाहेर थांबे, हे सांगायला नकोच. मला लक्ष वेधायचे आहे ते तीन शब्दांच्या एकत्र असण्याकडे. हे तीन शब्द हाताशी असले की दोन माणसांचे परकेपण एकसारखे दिसले तरी त्यांत फरक करता येतो. एक परका, कारण त्याची येथे मिरास नाही. दुसरा परका, कारण त्याची मिरास दुसरीकडे आहे आणि ती त्याला सोडावी लागली. 'कोसला'तील (१९६३) पांडुरंग सांगवीकर पुण्यात उपरा असतो हे खरे, पण त्याच्या पाठीशी सांगवी असते आणि शेवटी तो तेथे परततो. त्याच्या परात्मतेला परतीचे घर आहे, म्हणूनच ती इतकी मोकळेपणाने विनोदी होऊ शकते. काम्यूच्या १९४२ सालच्या कादंबरीतील म्यर्सो हा तर आपल्या समीक्षेचा आद्य उपरा. अल्जीरियाच्या किनाऱ्यावर त्याने ज्याला मारले तो अरब अख्ख्या कादंबरीत निनावी राहतो, ह्याकडे आपण कित्येक वर्षे वर्गात ओझरतेही लक्ष दिले नाही. कामेल दाऊदने २०१३ साली त्या मृताला नाव आणि भाऊ देऊन कादंबरी लिहिली, तेव्हा आपल्याला जाग आली. ज्याच्या भूमीवर आपण परात्म होत आहोत तोच परका ठरावा, ही उपरेपणाच्या सैल संकल्पनेची किंमत आहे.

आता वाड्याविषयी. माझ्या आजीचे बिऱ्हाड नारायण पेठेत, मोदी गणपतीपासून फार दूर नसलेल्या एका वाड्यात होते. पानशेतच्या पुरातून (१२ जुलै १९६१) त्या वाड्याचा निम्मा भाग कसाबसा वाचला होता. पुराच्या दहा वर्षे आधीपर्यंत शेजारच्या दोन खोल्यांत एक बेने इस्रायल कुटुंब राहत असे. घरधनी छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम करीत. रास्ता पेठेत सुक्कथ शेलोमो हे त्यांचे प्रार्थनामंदिर, तिकडे ते शनिवारी पायी जात. १९५१ साली ते कुटुंब इस्रायलला गेले. त्या घरातील बाई पन्नास वर्षांनी, २००१च्या हिवाळ्यात, पुण्यात आल्या आणि आजीला भेटायला वाड्यात आल्या. मी तेव्हा एम.ए.च्या वर्गात होतो. त्यांचे मराठी आजीच्या मराठीपेक्षा जुने होते, हे मला अजून आठवते.

बेने इस्रायलांची कथा मराठी वाचकाला अपरिचित नसावी. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम न करणारे म्हणून ते शनवार तेली. पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहीमकर ही त्यांची आडनावे गावांवरून पडलेली. समुद्रातून चौदा जण किनाऱ्याला लागण्याची ही कथा चित्पावनांच्या परशुरामकथेशी किती मिळतीजुळती आहे, हे अनेकांनी नोंदवले आहे. यहुद्यांच्या वल्हांडण सणाला म्हणायच्या 'हग्गादा'ची मराठी आवृत्ती १८४६ साली मुंबईत निघाली. दुसरी एक सचित्र आवृत्ती १८७४ साली पुण्यातच, विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात छापली गेली. मिसर देशातील दास्यातून सुटलेल्या परक्यांची कथा पुण्याच्या पेठांतल्या खिळ्यांनी मराठीत छापली, ही गोष्ट आपल्या ग्रंथव्यवहाराच्या इतिहासात यावी तेवढी आलेली नाही.

महत्त्वाचे हे की ह्या समाजाला येथे छळ सोसावा लागला नव्हता. ते गेले ते धर्मश्रद्धेने, काही नोकरीच्या आशेने आणि काही नुसते बाकीचे गेले म्हणून. आपल्या बाईंना त्यांतले नेमके कारण सांगता आले नाही. तेथे पोचल्यावर आधी पत्र्याची छावणी. शिधा मोजून मिळे. हिब्रू येईना. गोऱ्या यहुद्यांच्या नजरेत काळे असण्याचा अर्थ तेथे कळला. त्याच सुमारास काही बेने इस्रायल कुटुंबांनी आम्हाला हिंदुस्थानात परत पाठवा म्हणून धरणे धरले आणि १९५२ साली शंभराहून अधिक जणांना खरोखरच परत आणण्यात आले. गंमत अशी, की त्यांतील बरेच जण पुढे पुन्हा इस्रायलला गेले. बाईंचे यजमान धरण्यात बसले नाहीत. पुढे १९६२ साली तेथील मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या विवाहापूर्वी त्यांच्या वंशाची, मागे जाता येईल तितकी मागे जाऊन, चौकशी करण्याचा आदेश काढला. बाईंच्या धाकट्या नणंदेचे लग्न त्यात अडकले. १९६४च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये जे मोठे धरणे झाले त्यात मात्र त्या दोघेही बसले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदी आहेत असे ठरवले आणि धर्मपीठाला आदेशातील त्यांचा उल्लेख काढावा लागला. आमच्या परिभाषेत सांगायचे तर मिरासदार म्हणून गेलेल्या ह्या माणसांकडे मिरासपत्र मागितले गेले आणि ते मिळवायला त्यांना एक तप लागले.

हे सगळे स्थलांतरितांच्या कथांत असते तसेच आहे. मासळीला वास येई म्हणून शेजारीण भांडे, कढीपत्त्याचे रोप डब्यात लावले ते जगले, एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिद्याचे ताट करायला पोहे कोठून आणायचे. हे ऐकताना आजी डोळे पुसत होती. आणि मग बाई आपली जुनी खोली पाहायला उठल्या. तेथे आता दुसरे भाडेकरू होते. दार उघडेच होते. त्या उंबऱ्याबाहेर थांबल्या. आतल्या सूनबाई म्हणाल्या, "या ना, आजी, आत या." बाई आत गेल्या नाहीत. परत येऊन सोप्यावर बसल्या आणि त्यांनी ही दुसरी गोष्ट सांगितली.

छावणीतून त्यांना लोद गावात घर मिळाले. जुने दगडी घर, कमानीचे. अर्ध्या भागात मोरोक्कोहून आलेले कुटुंब, अर्ध्यात हे. भिंतीत एक कोनाडा होता. शुक्रवारी संध्याकाळी त्या तेथे शब्बाथचा दिवा लावीत, कारण पुण्याच्या खोलीतही कोनाड्यातच लावीत असत. घर कोणाचे होते, हे ठाऊक होते आणि नव्हते. "अरबांची होती, ते निघून गेले, असं सांगायचे. आम्ही विचारलंच नाही, बाळ." १९६७च्या युद्धानंतर पश्चिम किनाऱ्यातील लोकांना इकडे येता येऊ लागले. पुढच्या वर्षी एके दुपारी एक वयस्कर गृहस्थ आणि एक आठ-दहा वर्षांचा मुलगा रस्त्यापलीकडे बराच वेळ उभे होते. मग ते दाराशी आले. बाईंच्या तोंडून मराठीतच शब्द गेला, "या." त्यांना तो कळला नसावा, पण हाताची खूण कळली. गृहस्थ आत आले नाहीत. त्यांनी पाणी घेतले, उभ्यानेच प्यायले, आतल्या कोनाड्याकडे बोट दाखवून मुलाला काहीतरी सांगितले आणि मोडक्या हिब्रूत आभार मानले. "आभार मानले," बाई दोनदा म्हणाल्या. "पाणी त्यांच्याच विहिरीचं."

लोद म्हणजे अरबी लिद्द. जुलै १९४८मध्ये लिद्द आणि शेजारचे रम्ला ह्या दोन गावांतून पन्नास हजारांहून अधिक पॅलेस्टिनींना इस्रायली सैन्याने बाहेर काढले. त्या उन्हाळ्यात ते रामल्लाच्या दिशेने पायी निघाले आणि वाटेत किती तरी दगावले. एकूण युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी विस्थापित झाले. ११ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९४ क्रमांकाच्या ठरावात त्यांच्या परतीचे तत्त्व मान्य केले. ते अमलात आले नाही. १९५० साली इस्रायलने दोन कायदे केले. एकाने जगातील कोणत्याही यहुद्याला तेथे येऊन नागरिक होण्याचा हक्क दिला. दुसऱ्याने 'अनुपस्थितां'ची मालमत्ता सरकारी रखवालदाराच्या ताब्यात दिली. ह्या दुसऱ्या कायद्याचा परिणाम असा झाला की काही माणसे इस्रायलच्या हद्दीत हजर असूनही कायद्याने अनुपस्थित ठरली. कवी महमूद दरवीश ह्यांचे कुटुंब त्यांपैकी एक. लेबनॉनला पळून गेलेले हे कुटुंब चोरवाटेने परतले तेव्हा त्यांचे अल-बिर्वा हे गाव उद्ध्वस्त झालेले होते. आपल्या शब्दांत पहिला कायदा उपऱ्याला मिरास देतो आणि दुसरा परागंदाची जमीन गतकूळ ठरवतो. फरक इतकाच, आणि तो निर्णायक आहे, की येथे कूळ गेलेले नव्हते. ते चाळीस-पन्नास कोसांवर तंबूत बसले होते आणि परतीचा अर्ज करीत होते. ज्या गोतापुढे त्याने उभे राहायचे ते गोतच बंद केलेले होते.

आता कनाफानीकडे वळू. १९३६ साली अक्का येथे जन्मलेला हा लेखक बाराव्या वर्षी परागंदा झाला, दमास्कसमध्ये निर्वासितांच्या शाळेत शिक्षक झाला, कुवेत आणि बैरूत येथे राहिला आणि १९७२ साली बैरूतमध्ये मोटारीतील स्फोटात मारला गेला. 'हैफाला परतताना'मध्ये सईद आणि सफिय्या हे जोडपे वीस वर्षांनी आपल्या घराच्या दाराशी येते. १९४८च्या एप्रिलमधील धावपळीत त्यांचे तान्हे मूल ह्या घरात राहून गेलेले असते. दार उघडते ती मिरियम, पोलंडमधून आलेली, जिचे वडील आउश्वित्झमध्ये मारले गेले. ती त्यांना आत घेते. सईद दिवाणखान्यात आपल्या वस्तू ओळखतो. फुलदाणीतील मोरपिसे मोजतो, सात होती, पाच उरली आहेत. मूल दोव्ह ह्या नावाने वाढून इस्रायली सैनिक झालेले असते आणि ते जन्मदात्यांना नाकारते.

ह्या कादंबरीवर सामान्यतः जी चर्चा होते ती शेवटच्या राजकीय निष्कर्षाविषयी होते. मला तिचा मध्यभाग अधिक मोलाचा वाटतो. कनाफानीने मिरियमला खलनायिका केले नाही. तिचे दुःख त्याने लहान केले नाही आणि मोठेही केले नाही. निर्वासित लेखकाने आपल्या घरात बसलेल्या बाईला आउश्वित्झचा भूतकाळ द्यावा, ह्याला मोठे धैर्य लागते. परंतु तो भूतकाळ तिच्या दाराची किल्ली होत नाही, हेही तो त्याच शांतपणे दाखवतो. दोन दुःखे एका खोलीत समोरासमोर बसतात आणि एकीची बेरीज दुसरीतून वजा होत नाही. बाईंची गोष्ट ऐकल्यानंतर मी ही कादंबरी वाचली, तेव्हा मिरियमचे आदरातिथ्य मला सर्वांत अस्वस्थ करणारे वाटले. ती सभ्य आहे, हाच पेच आहे.

आदरातिथ्याच्या तत्त्वज्ञानाला हा पेच नवा नाही. कांटने १७९५ साली शाश्वत शांतीवरील निबंधात परक्याला दिलेला हक्क पाहुणचाराचा नव्हता, केवळ येण्याचा, शत्रू न मानले जाण्याचा होता. देरिदाने १९९६च्या व्याख्यानांत दाखवले की 'या' म्हणणाऱ्याला आधी घराचा धनी असावे लागते, म्हणून प्रत्येक पाहुणचारात मालकीचा एक उच्चार दडलेला असतो. विद्यापीठांतून हे विधान पुष्कळ गाजले. पण देरिदाचा यजमान बहुधा आपल्याच घरात असतो. लोदच्या दारात 'या' हा शब्द ज्याच्या घरात उच्चारला गेला त्यालाच उद्देशून होता. त्या एका अक्षराने धन्याला पाहुणा केले, आणि पाहुण्याने सभ्यपणे आभार मानून ते मान्य केले किंवा मान्य केल्यासारखे दाखवले. तो आत गेला नाही हे मात्र त्याने नाकारलेले उत्तर आहे. आत गेला असता तर पाहुणा झाला असता.

येथे वाचक म्हणेल की ह्यात त्या बाईंचा काय दोष? आणि तो बरोबर म्हणेल. त्यांनी कोणाला हाकलले नाही. घर त्यांनी निवडले नाही, ते वाटून दिले गेले. त्या नाकारत्या तर दुसरे कोणी आले असते. कार्ल यास्पर्सने १९४६ साली जर्मनांच्या दोषाचा विचार करताना गुन्हेगारी, राजकीय, नैतिक आणि आधिभौतिकाच्या पलीकडचा असे दोषाचे चार प्रकार वेगळे केले होते. त्यातील पहिला येथे निश्चितच लागू होत नाही. पण मला वाटते, दोष ही कोटीच येथे अपुरी पडते. मराठीत दुसरी एक कोटी उपलब्ध आहे, 'देणे'. देणे लागण्यासाठी दोषी असावे लागत नाही. आपल्या जुन्या धर्मशास्त्रात बापाचे कर्ज फेडण्याचा भार मुलावर असे आणि न्यायालयेही ते तत्त्व मानीत. २००५च्या वारसा कायद्यातील दुरुस्तीपर्यंत त्याला कायद्यात स्थान होते. मुलाने कर्ज काढलेले नसते, पण तो घर घेतो तर त्या घरावरचे देणेही त्याच्याकडे येते. दोषाची भाषा माणसाला बचावाला प्रवृत्त करते. देण्याची भाषा हिशेबाला बसवते.

ह्या संदर्भात ज्या ग्रंथावर त्या बाईंची श्रद्धा होती त्यातीलच एक प्रसंग मला आठवतो. उत्पत्तीच्या तेविसाव्या अध्यायात सारा मरण पावते आणि अब्राहामाला तिला पुरायला जागा हवी असते. तो हेब्रोनमधील हित्ती लोकांपुढे उभा राहतो तो स्वतःला परका आणि उपरी म्हणवत. ते त्याला जागा फुकट देऊ करतात. तो नाकारतो. एफ्रोन चारशे शेकेल रुपे ही किंमत सहज बोलल्यासारखी बोलून जातो आणि अब्राहाम एकही शब्द घासाघीस न करता, गावच्या वेशीत सर्वांदेखत, ती मोजून देतो. ज्या भूमीचे वचन प्रत्यक्ष देवाने त्याला दिले आहे तेथे पहिली जमीन हा माणूस विकत घेतो, साक्षीदार ठेवून. वचन आणि मालकी ह्यांत हे अंतर राखण्यात त्या जुन्या कथनकर्त्याचे जे मूल्यभान दिसते, ते पुढच्या भाष्यकारांत नेहमीच दिसते असे नाही. एवढेच, की त्याने महजर करून घेतला.

एक आक्षेप अजून उरतो आणि तो मला अधिक कठीण वाटतो. प्रत्येक घर कोणाच्या तरी घरावर उभे आहे. नारायण पेठ तरी काय आहे? नारायणराव पेशव्यांच्या नावाची ही पेठ. पेशवाईत पेठा वसल्या त्या बाहेरच्यांना करमाफीचे कौल देऊन. आज जे स्वतःला अस्सल पुणेकर म्हणवतात त्यांतील कितीतरी घराणी अठराव्या शतकात कोकणातून वर आलेली, म्हणजे बेने इस्रायलांसारखीच समुद्रकाठची उपरी. 'केसरी'चा वाडा आधी गायकवाड वाडा होता. पुण्यापासून थोड्याच अंतरावर मुळशीचे मावळे १९२१ साली सेनापती बापटांबरोबर धरणाविरुद्ध उभे राहिले, कारण मुंबईला वीज हवी होती. ती जमीन पाण्याखाली आहे आणि वीज आपण सर्वांनी वापरली आहे. असे खोदत गेलो तर कोणालाच कोठे राहता येणार नाही, असे हा आक्षेप म्हणतो.

ह्या आक्षेपातील तथ्य मी नाकारीत नाही. पण सर्वच घरे सदोष आहेत असे म्हणणारा बहुधा एका विशिष्ट घराविषयी बोलायचे टाळत असतो. काळ गेल्याने देणे फिटत नाही, मात्र ज्याला द्यायचे तो सापडेनासा होतो. गतकूळ शब्दाचा तोच अर्थ. लिद्दचे कूळ गेलेले नाही. जॉर्डनने त्यांतील बहुसंख्यांना नागरिकत्व दिले, लेबनॉनने अनेक व्यवसायांची दारे बंद ठेवली. चिलीत विसाव्या शतकाच्या आरंभापासून बेथलेहेम आणि बैत जाला येथून आलेल्यांची मोठी वसाहत आहे. १९२०पासून पॅलेस्टिनो नावाचा त्यांचा फुटबॉल संघ आहे. हे लोक तेथे पुरते रुजले, स्पॅनिश त्यांची मातृभाषा झाली, आणि तरी संघाचे नाव तेच राहिले. रुजणे म्हणजे मिरास सोडणे असे त्यांना वाटले नाही. छावण्यांतील गल्ल्यांना १९४८पूर्वीच्या गावांची नावे असतात आणि तिसऱ्या पिढीतील मूल न पाहिलेल्या गावाचे नाव आपले गाव म्हणून सांगते. ह्याला आपण स्मरणरंजन म्हणू शकत नाही. ती गोतापुढे द्यायची साक्ष आहे, गोत बसलेले नसताना पाठ करून ठेवलेली.

उलट दिशेनेही हेच खरे आहे. लोदमध्ये, दिमोना आणि अश्दोदमध्ये जन्मलेली बेने इस्रायलांची तिसरी पिढी आज कोठे जाईल? त्यांनी इस्रायलमध्ये 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले. कोकणातील त्यांची घरे विकली गेली आहेत आणि पुण्याच्या खोलीत दुसरे भाडेकरू आहेत. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात सुमारे बाराशे माणसे मारली गेली आणि त्यानंतरच्या युद्धात गाझात हजारोंच्या हजारो. देण्याचा विचार करणारा माणूस एका परागंदाच्या जागी दुसरा परागंदा निर्माण करण्याची मागणी करू शकत नाही. तसे केले तर तो देण्याची नव्हे, सूडाची भाषा बोलतो. ह्या मुद्द्यावर माझे आणि माझ्या काही विद्यार्थ्यांचे तीव्र मतभेद झालेले आहेत, आणि माझ्या उत्तराने त्यांचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही. मिरास परत करण्याचे मार्ग काय असू शकतात, नुकसानभरपाई, परतीचा हक्क, एकत्र नागरिकत्व, हे राज्यशास्त्राने सांगावे. समीक्षेचे काम त्याच्या अलीकडचे आहे. परक्या देशात रुजणाऱ्या कुटुंबाची कथा वाचताना ह्यातील उपरी कोण, परागंदा कोण आणि मिरासपत्र कोणी कोणाला करून दिले, एवढे तिने विचारले पाहिजे.

हा प्रश्न आपल्यापासून दूर आहे असेही मानण्याचे कारण नाही. ऑक्टोबर २०२३नंतर ज्या पॅलेस्टिनी मजुरांचे इस्रायलमधील कामाचे परवाने थांबवले गेले त्यांच्या जागी भारतीय मजूर नेण्यासाठी २०२४ साली आपल्याकडे भरती झाली, महाराष्ट्रातही झाली. गवंडी, फरशीवाले, सळया बांधणारे गेले. त्यांना घरी मिळत नव्हता इतका पगार तेथे मिळणार होता आणि त्यांच्या गरजेविषयी शंका घेणे निर्लज्जपणाचे होईल. त्यांच्यावर उद्या कोणी कथा लिहील आणि आपण तिला स्थलांतरिताच्या वेदनेची कथा म्हणू.

बाई २००१नंतर पुन्हा पुण्याला आल्या नाहीत. त्या दिवशी निघण्यापूर्वी आजीने त्यांना विचारले होते की ते गृहस्थ परत कधी आले का. नाही, असे त्या म्हणाल्या. मात्र दोन-तीन वर्षांनी घराची दुरुस्ती निघाली, नगरपालिकेचा गवंडी भिंत सरळ करायची म्हणून कोनाडा बुजवायला निघाला, तेव्हा त्यांनी तो बुजवू दिला नाही. दिवा मात्र त्या दुपारनंतर त्या मेजावर लावू लागल्या होत्या. कोनाडा रिकामाच ठेवला. का ठेवला, असे यजमानांनी पुष्कळदा विचारले. त्यांना सांगता आले नाही, आणि आजीलाही त्यांनी ते सांगितले नाही.